नानांनी खोडलेला शब्द

नाना,

भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलात, हे काही बरं केलं नाही. एवढी वर्षं मला सांगत आलात, की हातातला कागद पुरा केल्याशिवाय उठायचं नाही. आणि स्वतः? उठलात आणि चालते झालात. आता मी कोणाशी भांडू? तुमच्या खुर्चीशी? ती तिथंच आहे, बुडाखाली उशी, पाठीला टॉवेल. तिला काय सांगणार, डोंबल!

उद्या तुमची गंधमुक्ती, सुतक फिटायचं. घर माणसांनी भरलंय. भडगावहून तुमचे पुतणे आलेत, त्यांच्या बायका आल्यात. अजून माणसं दारावर येतात, तुमच्यामागं एकट्या राहिलेल्या अक्कासमोर दोन मिनिटं मान खाली घालून बसतात, आणि उठताना जो तो एकच सांगतो: "नाना म्हणजे काय, हसतं-खेळतं माणूस! बसल्या जागी हसवून सोडायचे." मी चहाचे कप उचलता उचलता ऐकते. खोटं नाही ते. मी स्वतः तुमच्या टेबलासमोर पोट धरधरून हसलेय. पण आता ते ऐकलं की येतं ते नुसतं रडू नाही. राग आहे, तुमच्यावरचा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय. काय करायचं ते करा.

नाना, मी तुमच्याकडे आले तेव्हा मला काहीसुद्धा येत नव्हतं, हे आधी कबूल करते. दोंडाईच्याची पोरगी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, म्हणजे गाइड पाठ करून झालेली. कोर्टासमोरच्या गल्लीत तुमचं टायपिंग-ट्रान्सलेशनचं दुकान, मागच्या दारानं तुमचं घर. खालच्या कोर्टातले मराठी कागद वरच्या कोर्टात न्यायचे तर त्यांचं इंग्रजी करून द्यावं लागतं, ते आपलं काम. जबाब, साक्षी, पंचनामे, सातबारे. पहिल्याच दिवशी तुम्ही मला एक पंचनामा दिलात. त्यात घराच्या पूर्वेला कडुनिंबाचं झाड होतं. मी हौसेनं इंग्रजीत लिहिलं, मोठं, सावलीचं झाड. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "सावली पंचांनी पाहिली का गं पोरी? कागदात आहे का? नाही ना? मग तू कुठून आणलीस, दोंडाईच्याहून?"

बाहेर बसलेले वकील हसले, मीही हसले. मला लागलं नाही, खरंच नाही. कारण लगेच तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि तासभर त्या पंचनाम्याची ओळ न् ओळ समजावलीत. आपण कागद इंग्रजीत उलटवून देणारी माणसं, तुम्ही म्हणालात. कागदात शाईचा डाग असेल तर डाग आहे म्हणून लिहायचं. वाचता येत नसेल तर वाचता येत नाही म्हणून लिहायचं. आपल्या पदरची काडीसुद्धा घालायची नाही. ही शिस्त मला दुसऱ्या कोणी दिली नसती, नाना. आज ओळखीपाळखीचे वकील डोळे झाकून माझ्या कागदावर सही करतात, ते तुमच्यामुळे.

आणि ती रुजवात! तुम्ही तीस वर्षं कोर्टाच्या नकला विभागात काढलीत, तिथली सवय दुकानात आणलीत. एकानं मूळ मराठी मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं इंग्रजीवर बोट ठेवून जुळवत जायचं. मी वाचताना आवाज जरा चढला की तुमचं बोट वर. "सपाट वाच. नाटक करू नको. आवाजानं माणूस फसतो." मग मी वाचायची, 'तू माझ्या वाटेला गेलास तर तुझे तुकडे करीन स्वल्पविराम असे आरोपी म्हणाला पूर्णविराम.' किराणा मालाची यादी वाचावी तसं. खून, मारामाऱ्या, सोडचिठ्ठ्या, सगळं त्या एकाच सुरात. सुरुवातीला मला हसू यायचं. मग सवय झाली. मग तर आवडायलाच लागलं. जगातलं काहीही त्या सुरात वाचलं की अंगाला लागायचं नाही.

पण तुम्हाला आवाज कळत नव्हता असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा तुम्ही दोंडाईच्याला आला होतात. गाडीला तुफान गर्दी, तरी उभ्यानं आलात, हातात केळ्यांची फणी. वडिलांच्या तोंडून तेव्हा एकच आवाज निघायचा, "हां". पाणी हवं तरी हां, नको तरी हां. आम्ही घरची माणसं रडकुंडीला आलो होतो. तुम्ही त्यांच्या उशाशी बसलात आणि दहा मिनिटांत सांगायला लागलात: हे हां म्हणजे खिडकी लावा. हे हां म्हणजे धाकट्याला बोलवा. हे हां म्हणजे आता तुम्ही सगळे जरा गप बसा. आणि वडील हसले हो! आजारपणात पहिल्यांदा हसले. आई अजून सांगते ते. तेवढ्यासाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

म्हणूनच राग जात नाही. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यावर कोण रागावेल?

मंगलची केस, घरातल्या छळाची. तिचं खरं नाव इथं घेत नाही, मंगल म्हणते. रावेरकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातली मुलगी, धुळ्यात दिलेली. मारहाण नाही, उपासमार नाही, अंगावर वळ नाही. सासू नुसती बोलायची. आणि बोलायची तेही गोड. मंगल चहा घेऊन गेली की सगळ्या बैठकीसमोर म्हणायची, "आल्या राणीसरकार. अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? बसा ना." स्वयंपाक केला की, "आज राणीसरकारांच्या हातचं जेवायला मिळणार, आमचं भाग्य थोर." एवढंच. सहा वर्षं, रोज, आणि बैठक हसायची. नवराही हसायचा. शेवटी शेवटी मंगलच्या घशाखाली घास उतरेना. खालच्या कोर्टात ती साक्षीला उभी राहिली, तिनं सासूचे शब्द सांगितले, आणि टाइप करणाऱ्यानं शब्द टाइप केले. खाली दावा फेटाळला. म्हणून ते कागद आपल्याकडे आले, वर न्यायला.

भावाबरोबर ती दुकानात आली होती, आठवतं? बाकावर बसली होती. एका नावाच्या स्पेलिंगसाठी मी तिला काहीतरी विचारलं आणि ती बोलता बोलता सासूचं ते वाक्य म्हणाली. सासूच्याच आवाजात. मान किंचित वाकडी, हात छातीशी जोडलेले, डोळे मात्र बाजूच्या माणसांकडे, बघा बघा म्हणणारे. बाकावरचे दोघं-तिघं फस्सकन हसले. इतकं हुबेहूब होतं ते. आणि हसल्याबरोबर मंगलनं पदर तोंडाशी नेला.

मी त्या दिवशी ट्रान्सलेशनमध्ये एक शब्द जास्तीचा घातला. मॉकिंगली. सासू मॉकिंगली म्हणाली, राणीसरकार आल्या.

तुम्ही तो खोडलात. खोडायच्या आधी विचारलंत, "हा कुठून आला?"

"ती तसंच सांगत होती, नाना. तुम्ही इथंच होतात."

"मी होतो. कागद नव्हता. याचा अर्थ काय होतो सांग बरं."

"टवाळीनं."

"थट्टेनं का नाही?"

"थट्टा ज्याची करतात तोही हसतो, नाना. इथं ती हसत नव्हती."

तुम्ही खूश झालात. माझ्या उत्तरावर तुम्ही खूश झालात की लगेच कळायचं, चष्मा काढून पुसायचात. मग तुम्ही मला समजावलंत, आणि इतकं छान समजावलंत की शिव्या द्याव्याशा वाटतात. "मॉकिंगली म्हणजे नुसतं टोचून बोलणं नव्हे. माणसाला आधी उंच पाटावर बसवायचं आणि मग पाट ओढायचा. शब्द सगळे मानाचे, आणि मान एकाही शब्दात नाही. आणि याला दोन माणसं पुरत नाहीत बरं का पोरी. तिसरा लागतो, हसणारा. तो नसला तर टवाळी फुसकी."

"मग?" मी म्हटलं.

"मग या साक्षीत तिसरा कुठंय? कोण हसलं ते लिहिलंय? कसं म्हणाली ते लिहिलंय? नाही ना. वकिलानं विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता हा शब्द तिचा नाही, तुझा आहे. काढ." आणि रुजवातीला बसलो. मी वाचलं: 'आल्या राणीसरकार पूर्णविराम अहो स्वल्पविराम तुम्ही कशाला त्रास घेतलात प्रश्नचिन्ह बसा ना पूर्णविराम.' नाना, त्या सुरात ते वाक्य कसं लागलं सांगू? प्रेमळ. इतकी प्रेमळ सासू मलाही हवी होती.

तुम्ही चुकलात असं मी तेव्हाही म्हणू शकले नाही, आजही म्हणू शकत नाही. धंद्याच्या नियमानं तुमचंच बरोबर. उद्या दुसऱ्या कोणी असाच मनाचा शब्द घुसवला आणि एखादा निरपराध त्यात अडकला तर? हे सगळं मला कळतं. मला तुम्हीच शिकवलंय. पण कळून काय करू?

वरचा निकाल आला तो आपणच तिला वाचून दाखवला. म्हणजे मी दाखवला, तुम्ही खुर्चीत होतात. इंग्रजीचं मराठी करत करत मी तिला सांगितलं, की सासूचं बोलणं चार घरांत चालतं तसंच दिसतं, त्यात अपमान वाटावा असं काही सापडत नाही. एका शब्दानं निकाल फिरला असता का? मला नाही वाटत. कदाचित फिरलाही नसता. पण मंगलनं काय केलं, नाना? मान डोलावली. म्हणाली, "बरोबर आहे ताई. शब्द तर चांगलेच होते. माझंच काहीतरी चुकत असेल ऐकण्यात."

आणि नेमकी तेव्हा अक्का चहा घेऊन आली.

इथवर मी तुमच्यावर रागावले होते ते धंद्यातल्या माणसासारखी. पुढचं लिहायला हात उचलत नाही. पण तुम्हीच म्हणता ना, हातातला कागद पुरा कर.

अक्का चौथी शिकलेली. दुकानात येता-जाता तिला इंग्रजी दिसायचं, म्हणून एकदा तिनं मला हळूच विचारलं होतं, "कल्पी, हाई कोनतं अक्षर शे वं?" मी दाखवलं. मग ती बिघडलेल्या प्रिंटांच्या कोऱ्या बाजूवर गिरवायला लागली, कागद शिवून वही केली. दुपारी भांडी झाली की मागच्या दारात बसायची, जीभ बाहेर काढून अक्षरं काढायची. ती वही तुमच्या हाती लागली. तुम्ही ती दुकानात आणलीत आणि वकिलांसमोर उघडलीत. "बघा साहेब, आमच्या प्रोफेसरबाईंचा थिसिस!" दुकान खो खो हसलं. अक्का दाराशी उभी होती, तीही हसली. पुढं ती वही मला कधी दिसली नाही. नाव मात्र राहिलं. या, प्रोफेसरबाई. विचारा, आमच्या प्रोफेसरबाईंना विचारा, त्यांना सगळं येतं. रोज, चहाच्या वेळेला. मी रोज हसायची. अहो, मला ते गोडच वाटायचं! आमचे नाना-अक्का, कसे एकमेकांची मजा करतात, असं मी घरी जाऊन सांगायची. एकमेकांची! अक्कानं कधी तुमची केली होती का?

तर त्या दिवशी अक्का ट्रे घेऊन आली. मंगलच्या हातात अजून तो निकाल. आणि तुम्ही, वातावरण हलकं करायला म्हणून असेल, मोठ्यानं म्हणालात, "या, प्रोफेसरबाई! आज चहा इंग्लिशमध्ये केलाय की मराठीत?" बाकावरचे हसले. मी हसणारच होते, तोंड अर्धं उघडलंही होतं. तेवढ्यात माझं लक्ष मंगलकडे गेलं. ती हसली नव्हती. ती अक्काकडे बघत होती, गावचं माणूस अचानक परक्या स्टँडवर दिसावं तशी. आणि अक्का तिच्याकडे. मंगलनं उठून अक्काच्या हातातला ट्रे घेतला, स्वतः सगळ्यांना कप दिले, आणि गेली.

नाना, तुमचा तो तिसरा माणूस म्हणजे मी होते. एवढी वर्षं.

दुकान रिकामं झाल्यावर मी तुमच्याशी भांडले. जे भांडण अर्धं राहिलं ते हेच. मी म्हटलं, "नाना, तुम्ही अक्काला बोलता ते उद्या कोणी टाइप केलं तर कागदावर काय दिसेल, माहिताय? बायकोला प्रोफेसर म्हणणारा नवरा. केवढा मान देतो!" तुम्ही आधी हसलात. मग हसू थांबलं. "गंमत करतो मी तिची," म्हणालात. "पन्नास वर्षांचा संसार आहे. तुला काय कळतंय?"

"तिला विचारलंत का कधी?"

"तिला गंमत समजत नाही, पहिल्यापासून. त्याला मी काय करू?"

आणि तुम्ही कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलंत. मीही पर्स उचलली आणि बसस्टँड गाठला. पुढचे चार दिवस आपण कामापुरतं बोललो. हा कागद बघा. हां. स्टेपलर द्या. घे. चार दिवस, नाना. आपण एवढे कधी गप नव्हतो. पाचव्या दिवशी सकाळी तुमच्या छातीत कळ आली.

दवाखान्यात मी तुमच्यापाशी होते, अक्का खाली औषधं आणायला गेली होती. सिस्टर एक फॉर्म घेऊन आल्या. नळी घालायची आहे, घरच्या माणसाची सही लागेल. तुम्ही डोळे उघडलेत. मी वाट बघत होते की तुम्ही माझ्याशी काहीतरी बोलाल, त्या दिवसाचं. तुम्ही फॉर्मकडे बघितलंत, मग सिस्टरकडे, आणि तोंडाचा कोपरा वर गेला. "आमच्या प्रोफेसरबाईंना सांग," मला म्हणालात, "सही इंग्लिशमध्ये करा म्हणावं." आणि सिस्टरला डोळा मारलात. त्या हसल्या.

मीही हसले.

चार दिवस तुमच्याशी अबोला धरलेली मी, तिथं हसले. कारण टवाळी करताय म्हणजे बरे आहात, म्हणजे अजून आपले नाना आहेत, एवढंच मला कळलं. आनंद झाला हो मला! त्या हसण्याचं मी काय करू, ते मला तुम्ही सांगून गेला नाहीत.

अक्का वर आली. धापा टाकत होती. मी तिला सांगितलं, "नाना म्हणाले, सही इंग्लिशमध्ये कर." रुजवातीचा सूर. बाकी काही नाही. अक्का उभीच राहिली. "काय म्हननात?" मी पुन्हा सांगितलं, तसंच. मग तिनं पेन घेतलं, भिंतीला फॉर्म लावला, आणि एकेक अक्षर काढलं. सुमन. सिस्टर घाईत होत्या, पण थांबल्या. तुम्हाला आत नेलं, आणि तुम्ही काही परत आला नाहीत.

तेव्हापासून, नाना, जो कोणी दारावर येतो त्याला अक्का हेच सांगते. रडत नाही फार. सांगते, "जाता जाता माले म्हननात, इंग्रजीमा सही कर. मी करी." आणि समोरचा माणूस गहिवरतो. तुमचे पुतणे गहिवरले. भडगावच्या सुनांनी डोळ्याला पदर लावला. आणि मी कप उचलून आत जाते.

आज दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो, उद्याचे तांदूळ निवडत. बाहेरच्या खोलीत पाहुणे आडवे झालेले. अक्कानं ताटातले खडे बाजूला करता करता मान वर न करता तुमच्याबद्दल विचारलं, "कल्पी, त्या कसं म्हननात?"

"काय गं?"

"सहीचं. कसं म्हननात? मी तठे नव्हती. तू व्हती."

माझे हात थांबले. नाना, त्या घटकेला मी तुम्हाला किती आठवलं असेल! तुमच्या नियमानं उत्तर सोपं होतं. शब्द हे होते, अक्का, एवढेच होते. मी शब्द दिलेत, सुराचं मला विचारू नको. किंवा त्याहून सोपं: मायेनं म्हणाले गं, अक्का. कोणाचं काय गेलं असतं? सिस्टर येऊन सांगणार होत्या थोड्याच? उद्या सगळ्यांसमोर ती तेच सांगेल, सगळे रडतील, तुमचं नाव राहील, तिचं मन राहील. पन्नास वर्षांच्या संसाराला शेवटी एक गोड वाक्य. मी ते तोंडापर्यंत आणलं होतं. आणि मला मंगल दिसली, मान डोलावणारी. माझंच काहीतरी चुकत असेल ऐकण्यात.

"जसं व्हतं तसं सांग वं," अक्का म्हणाली. "मी काय लहान पोर शे का?"

"टवाळीनं म्हणाले, अक्का," मी म्हटलं. "सिस्टरकडे बघून. त्या हसल्या. आणि मी पण हसले."

झालं. बोलून गेले. तुमच्या पाठीमागे, तुमच्याच घरात, तुमच्या गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. मी तुमची कोण, की तुमचा शेवटचा शब्द असा उघडा पाडावा? मला कामाला लावलंत, माझ्या बापाला हसवलंत. नाना, तुम्ही वाईट माणूस नव्हतात, हे मी कोणाच्याही पुढ्यात छातीवर हात ठेवून सांगेन. पण तिनं विचारलं होतं. तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत, पण तिनं मला विचारलं होतं.

अक्कानं तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ही ओक्साबोक्शी रडेल, किंवा मला उठून जा म्हणेल. दोन्ही चाललं असतं.

"माले वाटनंच व्हतं," ती म्हणाली. "तरी म्हन्तं, एखादं टाइम खरंच सांगी ऱ्हायनात व्हतीन. म्हनीसन करी मी सही." मग तिनं ताट बाजूला सारलं. "पन्नास वरीस मी इचारे, का हो अशा बोलतस? तर त्या म्हनेत, गंमत शे, तुले गंमत समजत नही."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. चेहरा इतका मोकळा की मला ओळखू येईना.

"म्हनजे माले समजत व्हतं," अक्का म्हणाली.